दहा गुंठ्यांतली वस्ती

मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस, टोमॅटो आणि कांद्याची रानं लागतात. त्या रानांच्या मधेच चुन्याने रंगवलेले दगड, तारेचं कुंपण, मुरमाचा अरुंद रस्ता आणि एखाद्या ‘नगर’ची किंवा ‘पार्क’ची कमान दिसते. आळेफाट्याच्या चौकाभोवती, ओतूरच्या रस्त्याला, जुन्नर शहराच्या वेशीबाहेर आणि घोडेगावच्या अंगाला हेच चित्र आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत घर करण्याची रीत बदलली आहे. पूर्वी माणूस गावठाणातल्या वडिलोपार्जित जागेवर खोल्या वाढवायचा, नाहीतर मळ्यात विहिरीजवळ घर बांधायचा. आता तो गुंठा विकत घेतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘गुंठा काय भावाने?’ या प्रश्नातच पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ आहे. घर गुंठ्यावर उभं राहतं, पण माणूस नांदतो वस्तीत. रस्ता, पाणी, सांडपाण्याची वाट, दिव्याचा उजेड, मुलांना खेळायला जागा यांतली एकही गोष्ट एका गुंठ्यात मावत नाही. म्हणून गुंठ्याचा भाव विचारण्याआधी तिथे वस्ती होऊ शकते का, हे तपासायला हवं. स्वस्त वाटणारा गुंठा पुढे महाग का पडतो, हे साध्या हिशेबानेही कळतं.

ही घरं घेणारी माणसं कोण, हे आधी पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, पतसंस्थांचे आणि बँकांचे कर्मचारी, बाजारपेठेतले दुकानदार, विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांतले कामगार, चाकणच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारे तरुण. त्यांच्या जोडीला मुंबईकर आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकांची गावं मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या पट्ट्यात आहेत. आयुष्यभर चाळीतल्या खोलीत काढल्यावर गावाकडे आपलं स्वतंत्र घर असावं, ही त्यांची इच्छा दोन-तीन पिढ्यांची आहे. वाडी-वस्तीवरची कुटुंबंही मुलांची शाळा, दवाखाना आणि एसटी यांच्या सोयीसाठी बाजारगावाजवळ सरकत आहेत. यांतला जवळजवळ कुणीच नफ्यासाठी जमीन अडवून ठेवणारा नाही. आयुष्यात एकदाच केलेली ही खरेदी असते आणि तीत भविष्यनिर्वाह निधी, सोनं, कर्ज असं सगळं ओतलेलं असतं. एक चूक झाली तर ती भरून काढायला दुसरं आयुष्य मिळत नाही. त्यामुळे या खरेदीकडे बारकाईने पाहणं गरजेचं आहे.

पुण्याच्या कडेच्या गावांपेक्षा इथली परिस्थिती वेगळी आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्द खेडपर्यंत येऊन थांबते. जुन्नर आणि आंबेगाव तिच्या बाहेर आहेत. जुन्नरला नगरपरिषद आहे, मंचरला नगरपंचायत झाली आहे, पण नारायणगाव आणि ओतूरसारख्या मोठ्या बाजारपेठांचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. म्हणजे गाव शहरासारखं वाढतं आणि त्या वाढीला वळण लावणारी यंत्रणा मात्र गावाच्याच आकाराची राहते. या भागात प्रचंड औद्योगिक वसाहत येईल अशीही स्थिती नाही. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची ही दुर्बीण अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपते, म्हणून तिच्या परिसरात विद्युतचुंबकीय गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणीही याच कारणाने अडली आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. ‘इथून रेल्वे जाणार’ या शब्दावर ज्यांनी चढ्या भावाने गुंठे घेतले, त्यांना यातून एक गोष्ट कळली असेल. नकाशावरच्या रेघेसाठी पैसे मोजू नयेत. आज जमिनीवर जे आहे त्याचेच मोजावेत.

आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. बागायती जमिनीचा दहा गुंठ्यांचा एक पट्टा घ्या. तो ६६ फूट रुंद आणि १६५ फूट लांब असेल, तर कागदावर त्याचे बरोबर दहा चौकोन पडतात, पाच इकडे आणि पाच तिकडे. पण मधे रस्ता हवा. विकणारा साधारण १२ फुटांचा रस्ता ठेवतो. तो रस्ता दोन्ही बाजूंच्या चौकोनांतून सहा-सहा फूट खातो, आणि प्रत्येकाच्या हाती ३३ बाय २७, म्हणजे ८९१ चौरस फूट उरतात. पैसे मात्र पूर्ण गुंठ्याचे दिलेले असतात. याचा अर्थ सांगितलेल्या भावापेक्षा जमीन २२ टक्क्यांनी महाग पडली. एवढं करूनही १२ फुटांच्या रस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागे जावं लागतं आणि अग्निशमन दलाचा बंब आत शिरला तर वळत नाही. निवासी रेखांकनातला अंतर्गत रस्ता नियमाप्रमाणे साधारण ९ मीटर, म्हणजे सुमारे ३० फूट रुंद लागतो. याच पट्ट्यात तेवढा रस्ता सोडला तर ४५ टक्के जमीन रस्त्यातच जाईल आणि प्रत्येकाला ५९४ चौरस फूट मिळतील. दहा गुंठ्यांच्या पट्ट्यात धड रस्ता आणि धड प्लॉट दोन्ही बसत नाहीत. विकणारा कितीही सज्जन असला तरी हे गणित बदलत नाही.

मग सगळीकडे दहा गुंठ्यांचेच पट्टे का पडतात? याचं उत्तर कायद्यात सापडतं. शेतजमिनीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यावर शेतीच परवडणार नाही, या हेतूने १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ मध्ये हे क्षेत्र बागायतीसाठी १० आर आणि जिरायतीसाठी २० आर असं ठरलं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच. साहजिकच बागायती पट्ट्यात दहा गुंठे हा खरेदी-विक्रीचा सर्वांत लहान कायदेशीर घास ठरला, आणि प्लॉटिंगचा आकारही त्याच घासाने ठरला. दुसरीकडे, वस्ती चांगली व्हावी म्हणून केलेले नियम मोठ्या क्षेत्राला लागू होतात. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा खेळ-विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे सुमारे चाळीस गुंठे, एक एकर. एका शिवारात शेजारीशेजारी चार पट्टे चार मालकांनी वेगवेगळे पाडले तर चाळीस घरं उभी राहतात आणि मोकळी जागा शून्य. तीच जमीन एकत्र असती, तर चार गुंठे अंगण सगळ्यांच्या मालकीचं झालं असतं.

या पट्ट्यातलं एक नेहमीचं दृश्य म्हणजे सामाईक सातबारा. दहा जणांनी मिळून दहा गुंठ्यांचं एकच खरेदीखत केलेलं असतं. सातबाऱ्यावर दहा नावं येतात, प्रत्येकापुढे एक गुंठा लिहिलेला असतो आणि खाली शब्द असतो ‘सामाईक’. त्या कागदावर कुणाचा गुंठा कुठला हे लिहिलेलं नसतं. ती वाटणी एका साध्या कागदावरच्या पेनाने काढलेल्या नकाशात, नाहीतर नोटरी केलेल्या पानावर असते. जोवर दहाही जण नांदतात तोवर अडत नाही. एकाने कर्ज मागितलं की बँक विचारते, तुमच्या प्लॉटच्या चतु:सीमा कुठे आहेत? एकाला बांधकाम परवानगी हवी असली की बाकीच्या नऊ जणांच्या सह्या लागतात. एकाचं निधन झालं की त्याचे चार वारस लागतात आणि दहाचे तेरा होतात. स्वतंत्र पोटहिस्सा करून घ्यावा तर पुन्हा तुकडेबंदी आडवी येते. घर आपलं असतं, पण घराखालची जमीन कायद्याच्या नजरेत इतर नऊ जणांच्या संमतीवर उभी असते.

कागदांच्या बाबतीत तीन गैरसमज फार खोलवर गेलेले आहेत. पहिला, दस्त नोंदवला म्हणजे मालकी पक्की झाली. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. विकणाऱ्याचा हक्क निर्वेध आहे, अशी हमी तो देत नाही. ती खात्री मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, जुने फेरफार आणि वारसांची यादी पाहून घेणाऱ्यालाच करावी लागते. दुसरा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागलं म्हणजे घर कायदेशीर झालं. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची हे तीत लिहिलेलं असतं, जमीन कुणाची हे त्यावरून सिद्ध होत नाही. महसुलाचा ८-अ हा खातेउतारा वेगळा, आणि या दोन आठांच्या सारख्या नावामुळे पुष्कळांची फसगत होते. तिसरा, एनए झालं म्हणजे सगळं झालं. एनए म्हणजे जमिनीचा वापर शेतीऐवजी निवासी झाला. प्लॉट कसे पाडायचे, रस्ता किती, मोकळी जागा कुठे, हे मंजूर रेखांकनात ठरतं. त्याप्रमाणे भूमी अभिलेख कार्यालयाने मोजणी करून क प्रत दिली, कमी-जास्त पत्रक झालं आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघाला, तेव्हा तो प्लॉट खऱ्या अर्थाने वेगळा झाला. ‘एनए प्लॉट’ असं पाटीवर लिहिलेल्या जागेची ही सगळी पानं मागावीत. ती देण्यात टाळाटाळ झाली तर तेच पुरेसं उत्तर आहे.

याच्या जोडीला या दोन तालुक्यांच्या मातीतले काही खास शेरे आहेत. पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला शासकीय परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि मुखत्यारपत्राच्या आडून केलेला व्यवहार पुढे केव्हाही उलटतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. धरणांच्या लाभक्षेत्रात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पुनर्वसनाचे शेरे आढळू शकतात. कुळकायद्याने मिळालेल्या, इनाम-वतनाच्या, देवस्थानाच्या जमिनी आणि भोगवटादार वर्ग २ च्या जमिनी यांनाही आपापल्या अटी आहेत. शेतजमीन असेल तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्याचा वरचा भाग सगळे वाचतात. ‘इतर हक्क’चा रकाना आणि त्यातले फेरफार क्रमांक वाचणारे कमी असतात. खरी माहिती बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

आता पाण्याकडे वळू. गावची नळयोजना एका ठरावीक लोकसंख्येसाठी आखलेली असते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब आहे. शिवारात अचानक उभ्या राहिलेल्या शंभर घरांचा त्या आराखड्यात समावेश नसतो, म्हणून पट्ट्यातला प्रत्येक जण बोअर घेतो. गटार नसतं, म्हणून प्रत्येक जण शोषखड्डाही घेतो. पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर, म्हणजे जवळपास पन्नास फूट अंतर असावं असं सांगितलं जातं. एक गुंठ्याचा चौकोन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजला तर सत्तेचाळीस फूटसुद्धा भरत नाही. स्वतःच्या गुंठ्यात हे अंतर राखणं अशक्यच आहे, आणि शेजाऱ्याचा खड्डा तर कुंपणाला लागून असतो. धरणांच्या आणि कालव्यांच्या प्रदेशात राहून आपण आपल्याच सांडपाण्याचा अंश पुन्हा उपसून पितो, ही गोष्ट भाव ठरवताना कुणी धरत नाही. चाळीस घरांनी मिळून एक विहीर, एक टाकी आणि वस्तीच्या खालच्या अंगाला एकच सांडपाणी प्रक्रियेची टाकी केली असती, तर दर घरामागे खर्चही कमी आला असता आणि पाणीही निर्धोक राहिलं असतं.

जमीन कुठे आहे, हाही वस्तीचाच प्रश्न आहे. नारायणगाव मीनेच्या काठी, जुन्नर कुकडीच्या काठी आणि ओतूर मांडवीच्या काठी आहे. नदीची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणांमुळे वर्षानुवर्षं पात्र शांत दिसतं, पण विसर्ग वाढला की नदी आपली जुनी जागा मागते. पश्चिमेकडे डोंगरउतारावर बंगल्यांसाठी सपाट केलेल्या जागा आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं मृत्युमुखी पडली. त्या गावाचं पुनर्वसन आमडे इथे झालं, २०१७ मध्ये नव्या घरांचं लोकार्पण झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, भराव सुटले. शासनाच्या सगळ्या यंत्रणा लक्ष घालत असतानाही उताराची जमीन इतकी अवघड ठरते. मग जेसीबीने पंधरा दिवसांत उतार कापून, भराव टाकून केलेल्या खासगी प्लॉटची भिंत किती पावसाळे धरून ठेवेल, याचा विचार घेणाऱ्यानेच करायला हवा.

या भागात घराचा विचार बिबट्याला वगळून होत नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. उसात बिबट्या राहतो, तिथेच पिलं वाढवतो, आणि माणसांवरच्या हल्ल्यांनी इथली अनेक घरं उद्ध्वस्त झाली आहेत. याचा संबंध वनविभागाशी आहे, घरबांधणीशी नाही, असं अनेकांना वाटतं. पण तसं नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं गेलं. वजनाच्या हिशेबाने त्यातलं ८७ टक्के खाणं पाळीव प्राण्यांचं होतं आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. कुत्री कचऱ्याजवळ जगतात. उसाच्या कडेला सुटी-सुटी दहा घरं, कचरा उचलण्याची सोय नाही, बांधावर टाकलेलं उरलंसुरलं अन्न, रस्त्यावर दिवा नाही, प्रत्येकाचं वेगळं अर्धवट कुंपण, ही रचना कुत्र्याला आणि त्याच्यामागून बिबट्याला घराच्या दारापर्यंत आणते. एकसंध वस्तीला एक कुंपण घालता येतं, रस्त्यावर दिवे लावता येतात, कचऱ्याची गाडी बोलावता येते, आणि संध्याकाळी मुलं खेळतात ती जागा उसापासून लांब, घरांच्या मध्यभागी ठेवता येते. यामुळे धोका संपणार नाही, पण कमी नक्की होईल.

गुंठ्याआधी वस्ती पाहा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप गरिबीचा आहे आणि तो खरा आहे. मंजूर रेखांकनातला प्लॉट महाग असतो. कमी पगाराच्या माणसाला गुंठेवारीशिवाय दुसरा रस्ता कुठे आहे? पण महाग आणि स्वस्त यांची तुलना पूर्ण खर्चाची व्हायला हवी. स्वस्त गुंठ्यात रस्त्यापायी गेलेली जागा, स्वतःचा बोअर, स्वतःचा खड्डा, लांबून ओढलेली वीज, गृहकर्ज न मिळाल्याने जास्त व्याजाने उचललेले पैसे आणि विकताना पडणारा भाव, हे सगळं मिळवलं तर फरक बराच आटतो. त्यातही ज्याच्याकडे पैसा थोडा आहे, त्यालाच चूक सर्वांत कमी परवडते. सर्वांत दुबळ्या कुटुंबांसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांसाठी लहान तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येतो. ती वाट अधिक रुंद करण्याची मागणी जरूर व्हावी. मात्र गरिबाला वाईट वस्तीच योग्य आहे, असं म्हणणं त्याच्या गरिबीचा अपमान करणारं आहे.

दुसरा आक्षेप असा की शेवटी सरकार सगळं नियमित करतंच. इतिहास पाहिला तर हेही खरं आहे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना नियमित होण्याची संधी दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार नियमित करण्याचं शुल्क आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के होतं, ते ५ टक्क्यांवर आलं. आणि २०२५ मध्ये १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले शहरी आणि निवासी क्षेत्रातले व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला. अडकलेल्या लाखो कुटुंबांना यातून सुटका मिळते आणि ती मिळायलाच हवी. पण या प्रत्येक निर्णयात मागची एक तारीख आहे. आज घेतलेला गुंठा त्या तारखेच्या पुढे आहे आणि पुढची तारीख कधी, कुठल्या क्षेत्राला, कुठल्या अटींवर येईल हे कुणीच लिहून देत नाही. शिवाय नियमितीकरणाने कागद सरळ होतो, १२ फुटांचा रस्ता ३० फुटांचा होत नाही. घरं उभी राहिल्यावर रस्ता रुंद करायचा तर कुणाची तरी भिंत पाडावी लागते.

तिसरा आक्षेप जुन्या गावांचा दाखला देतो. जुन्नरच्या पेठा, वाडे, अरुंद बोळ कुठल्या नियमावलीने झाले? तरी लोक पिढ्यानपिढ्या तिथे नांदलेच. याचं उत्तर असं की जुन्या गावाला लेखी नियम नव्हते, पण सामाईक जागा होत्या. पाणवठा, चावडी, पार, देवळाचं पटांगण, गायरान, खळवाडी, स्मशान, शिवेपर्यंत जाणारी पाणंद या जागा कुणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या, म्हणून घरं दाटीवाटीने असूनही गाव मोकळं राहिलं. हीच समजूत पुढे पुनर्वसनाच्या धोरणातही उतरली. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गाव डिंभे धरणात बुडालं. धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणात पाणी, शाळा, अंतर्गत रस्ते, वीज, गटारं, स्मशानभूमी अशा १८ नागरी सुविधा असायला हव्यात, असं शासन स्वतः मानतं. त्या पुऱ्या मिळाव्यात म्हणून अनेक गावांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. धरणग्रस्त ज्या गोष्टी हक्क म्हणून मागतात, त्या गोष्टी लाखो रुपये मोजणारा प्लॉटधारक मागतच नाही, ही मोठी विसंगती आहे.

चौथा आक्षेप शेतकऱ्याचा. मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज यांसाठी त्याला पाच-दहा गुंठे विकावे लागतात. त्याने एक एकर कुठून आणायचं? इथेच या सगळ्याची किल्ली आहे. शेजारीशेजारचे दहा-दहा गुंठ्यांचे चार पट्टे वेगवेगळे न पाडता एकत्र आणा. १९८ फूट रुंद आणि २२० फूट लांब अशी एक एकर जमीन घ्या. तीत ३० फुटांचे दोन रस्ते काढले आणि १० टक्के जागा मोकळी सोडली, तरी सुमारे ६० टक्के, म्हणजे २६ हजार चौरस फूट जमीन प्लॉटसाठी उरते. दहा-दहा गुंठ्यांचे चार पट्टे तेवढ्याच रुंद रस्त्यांसह पाडले, तर उरते पावणेचोवीस हजार, आणि मोकळी जागा काहीच नाही. एकत्र आल्यावर शेतकऱ्याला विकायला जास्त जमीन मिळते, रस्ता नियमाप्रमाणे होतो आणि घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळतं. चार भाऊबंदांनी किंवा बांधाला बांध असलेल्या चार शेजाऱ्यांनी जमिनीच्या प्रमाणात वाटा ठरवून हे करता येतं. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन अशीच एकत्र केली आणि नगर उभारलं. इथली मागणी तेवढी मोठी नाही आणि असायचं कारणही नाही. एका एकराची वस्ती याच तत्त्वावर उभी राहू शकते.

घेणाऱ्यांच्या बाजूनेही हीच गोष्ट करता येते, आणि त्यासाठी या दोन तालुक्यांइतकी तयार माती दुसरीकडे क्वचित मिळेल. साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था हे सगळं इथल्या लोकांनी सहकारातून उभं केलं. तरी घराच्या बाबतीत मात्र प्रत्येक जण एकटा एजंटपुढे बसतो, इसार देतो आणि पावती खिशात घालतो. वीस-पंचवीस कुटुंबांनी आधी सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली, तिच्या नावाने शेतकऱ्यांशी करार केला, मोजणी, रेखांकन आणि परवानगी घेतली, तर वकिलाचा, अभियंत्याचा, विहिरीचा खर्च वाटून जातो आणि एकाला नाकारलेली कागदपत्रं पंचवीस जणांना नाकारणं कुणालाही जड जातं. विकसकाकडून घ्यायचं असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिकांना तिथे सूट आहे. त्याहून मोठ्या प्रकल्पाला, प्लॉटिंग असलं तरी, महारेराची नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकसकावर राहते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशा कुणालाही पाहता येतो.

ग्रामपंचायती आणि नगरपंचायती यांनाही आपला वाटा उचलावा लागेल. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींचा वापर बदलण्याची प्रक्रिया सरकारने सोपी केली आहे. हा कडेचा पट्टा म्हणजे उद्याचं गाव. तिथे मुख्य रस्ते कुठून जाणार, नाल्याची वाट कुठली, टाकी कुठे, शाळेला जागा कुठे, एवढा साधा नकाशा गावाने ग्रामसभेत ठरवून नगररचना विभागाकडे नेला, तर पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक पट्टा त्या नकाशाला जुळवून घेत वाढेल. गावच्या पाणंदी हीच तयार रस्त्यांची जाळी आहे. त्यांवरची अतिक्रमणं आजच रोखता येतात, घरं झाल्यावर येत नाहीत. काळी बागायत वाचवायची असेल तरीही हाच उपाय आहे, कारण घरं एका जागी दाट आणि नीट वसली तरच बाकीचं शिवार शेतीसाठी मोकळं राहतं.

शिवनेरीच्या पायथ्याचा हा मुलूख वस्ती करण्यात नवखा नाही. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर जुन्नर दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीला आलं, कारण तिथे रस्ता, पाणी आणि बाजार एकत्र आले होते. आजच्या घराची कसोटीही त्याहून वेगळी नाही. पुढच्या वेळी कुणी गुंठ्याचा भाव सांगेल, तेव्हा त्याला आधी रस्त्याची रुंदी विचारा आणि टेपने मोजून घ्या. मग पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं ते विचारा. मग मोकळी जागा कुठली आणि ती कुणाच्या नावावर आहे, हे नकाशावर दाखवायला सांगा. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की भावाची बोलणी सुरू करायला हरकत नाही. ती मिळाली नाहीत, तर तो तुकडा अजून शेतच आहे आणि शेताच्याच भावाचा आहे.